आमचे दाजी आणि कोंबडीचा घसा

दुसऱ्याच्या घशावर आमच्या दाजींइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झालेला नाही, आणि पुढं होईल अशी चिन्हंही मला दिसत नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. केजच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. प्राणिशास्त्रात हत्तीपासून गांडुळापर्यंत काय काय पडलेलं असतं, पण दाजींचा जीव अडकला तो एकाच प्रश्नात. पक्षी घास गिळतो कसा? चोचीत धरलेला दाणा गळ्याखालच्या पिशवीत जाऊन पडेपर्यंत जे काही घडतं, त्याच्यापुढं त्यांना निवडणुका, लग्नं, क्रिकेट आणि पगारवाढ सगळं फिकं वाटायचं. "अरे, माणूस गिळतो त्यात काय मोठेपण?" ते माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायचे. "माणसाला दात आहेत, गाल आहेत, मऊ टाळू आहे. पक्ष्याकडं काय आहे? चोच आणि जीभ! आणि तेवढ्यावर ज्वारीचा दाणा बघ कसा सुळकन जातो!" सुळकन म्हणताना त्यांचा स्वतःचा कंठमणी असा काही वर उडायचा, की बघणाऱ्याला वाटावं, दाणा यांनीच गिळला.

आमचं मूळ घर आष्टीचं. दाजी अक्काला बघायला आले तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळे तो कार्यक्रम मला लख्ख आठवतो. पोहे झाले, चहा झाला, अक्का समोर येऊन बसली, आणि नवरदेवाची नजर काही अक्कावर ठरेना. ती सारखी अंगणात. वडिलांचा चेहरा पडला, आईनं पदर तोंडाला लावला. शेवटी दाजींच्या काकांनी त्यांना कोपरानं ढोसलं, "मुलीला काही विचारायचं असंल तर विचार की." दाजी भानावर आले आणि अंगणाकडं बोट दाखवून म्हणाले, "तुमची कोंबडी प्रत्येक घोटाला मान वर करते. कावून करत असंल?" अक्का जराही न लाजता म्हणाली, "खालीच ठिवली तर पाणी परत भांड्यात न्हाई का यायचं?" दाजी ताडकन उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "आमच्याकडून होकार." पुढं आयुष्यभर अक्का सांगत राहिली, "मला नाही, आमच्या कोंबडीला पसंत केलं यांनी. मी सोबत आले." 

लग्नानंतर तिला कळलं की हा प्रश्न गमतीचा नव्हता, संसारच त्याच्यावर उभा राहणार होता. जेवताना दाजी समोरच्याच्या गळ्याकडं बघत बसायचे. पाहुणा घास गिळायला लागला की त्यांचा हात वर जायचा. "थांबा! आता, आत्ता या क्षणी तुमचा श्वास थांबला. कळलं का तुम्हाला?" पाहुण्याचा श्वास खरोखरच थांबायचा आणि त्याला ठसका लागायचा. अक्का पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणायची, "अहो, माणसाला जेवू द्या. परीक्षा उद्या घ्या." एकदा धर्मापुरीच्या जुन्या देवळात आम्ही सगळे दर्शनाला गेलतो. बाकी मंडळी कोरीव काम बघत गाभाऱ्यापर्यंत पोचली तरी दाजींचा पत्ता नाही. बाहेर येऊन बघतो तर ते पाण्याच्या दगडी कुंडीसमोर पालथे पडलेले, हनुवटी फरशीला टेकलेली. कुंडीच्या काठावर पारवे पाणी पीत होते. एका म्हाताऱ्या आजींना वाटलं, हा माणूस कसला तरी अवघड नवस फेडतोय. त्यांनी भक्तिभावानं दाजींच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, एक झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. दाजी मान न वळवता पुटपुटले, "हळू, आजी. उडतील." मग मला जवळ बोलावून कुजबुजले, "बघ, पारवा मान वर करतच न्हाई. चोच बुडवतो आणि म्हशीसारखं ओढून पितो. कोंबडी एक-एक घोट घेऊन मान वर करते आणि हा सरळ पंप लावतो! जीभ तीच, स्नायू तेच, पण चालवायची तऱ्हा निराळी. काय मजा आहे, काय मजा आहे!" परतीच्या जीपमध्ये त्यांच्या सदऱ्यावर हळदकुंकू तसंच होतं आणि ते सबंध रस्ता पारव्याचंच गुणगान गात होते.

केजच्या बाजारात शब्बीरभाईंचं चिकनचं दुकान होतं. दाजींचं तिथं खातं होतं, पण मांसाचं नव्हतं. दर रविवारी शब्बीरभाई कोंबड्यांच्या मुंड्या आणि गळे त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवत. "सर, दुनिया लेगपीस मागती, तुमी गळे मागता," ते हसून म्हणायचे. "लोक इचारतात, सर शिकवतात का जादूटोना करतात?" दाजी तिथंच ओट्यावर चोच उघडून शब्बीरभाईंना जीभ दाखवायला लागायचे. "हे बघा, मागच्या बाजूला बारीक काटे. सगळे आतल्या दिशेनं वळलेले. घास एकदा यांच्यावर आला की आत जाणार, बाहेर येणार न्हाई. एस.टी.त चढल्यावर मागची माणसं पुढच्याला रेटतात ना, तसं! आणि हे भोक दिसतंय का? श्वासनळीचं तोंड. जिभेच्या अगदी मागं, आणि त्याच्यावर माणसासारखं झाकणसुद्धा न्हाई. मग दाणा त्यात पडत का न्हाई? घास आला की ते भोक चिमटीसारखं मिटतं. कुणी सांगितलं त्याला? मेंदूच्या देठातून मज्जातंतू निघालेत, त्यातून हुकूम सुटतो, स्नायू आवळतो, दार बंद! घास गेला, दार उघडं! आणि खाली अन्ननळीत स्नायूंची लाट उठते, ती घासाला ढकलत ढकलत थेट पिशवीत नेऊन सोडते. घास एकदा मागं गेला की कोंबडीच्या हातात काही राहत न्हाई, शब्बीरभाई!" शब्बीरभाई सुरी खाली ठेवून ऐकायचे. "मायला," ते म्हणायचे, "जिंदगीभर कापतोय, पण आत एवढं ऑफिस चालतंय म्हून कधी कळलं न्हाई." गिऱ्हाईक मात्र खोळंबून वैतागायचं.

वर्गात तर दाजींना रान मोकळं. बगळा मासा कसा गिळतो हे शिकवताना ते टेबलावर एका पायावर उभे राहायचे, खडूचा मासा करून तो आडवा पकडायचे, उडवायचे, डोक्याकडून फिरवून घ्यायचे, कारण शेपटीकडून गिळला तर कल्ले घशात अडकतात. एकदा प्राचार्य पाहणीला आले तेव्हा सर टेबलावर, मान आभाळाकडं आणि तोंडात अर्धा खडू अशी अवस्था होती. प्राचार्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" दाजींना उत्तर देता येईना, तोंडात खडू. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, मासा अजून गेला न्हाई!" कॉलेजात हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं चाललं. एखादं काम अडलं की लोक म्हणायचे, मासा अजून गेला न्हाई.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि आम्ही नेतही होतो. मी तोपर्यंत केजला मेडिकलचं दुकान टाकलं होतं. कॉलेज सुटलं की दाजी माझ्या काउंटरशेजारच्या स्टुलावर येऊन बसायचे आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तोंड उघडायला लावायचे. अशाच एका उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. दुष्काळाचं साल होतं. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या, गावोगावी टँकर, माळावर चारा छावण्या. त्या दुपारी बोरवाडीच्या रुक्मिणबाई दुकानाच्या पायरीशी जीपमधून उतरल्या आणि उतरल्या उतरल्या पायरीवरच बसल्या.

रुक्मिणबाई म्हणजे बोरवाडीच्या बायकांच्या कुक्कुटपालन सहकारी संस्थेच्या चेअरमन. त्या गावातल्या बहुतेक घरांचा दिवाळीनंतर कोयता निघायचा. नवरा-बायको ऊस तोडायला पार कोल्हापूर-सांगलीकडं, आणि लेकरं म्हाताऱ्यांजवळ किंवा फडावर. रुक्मिणबाईंनी बायकांना जमवलं, संस्था काढली, गावाबाहेर पत्र्याची शेड उभारली, कोंबड्या आणल्या. अंडी केजच्या बाजारात यायला लागली. त्या साली संस्थेतल्या बायका पहिल्यांदाच उसाला गेल्या नव्हत्या. रुक्मिणबाई दुकानात यायच्या त्या नेहमी तोऱ्यात, हातात अंड्यांचा ट्रे, कपाळावर आडवं कुंकू. आज हात रिकामे होते.

"औषध द्या भाऊ. कसलं बी द्या. कोंबड्या माना टाकायल्यात. सकाळच्यानं पटापट आडव्या व्हायल्यात. मानमोडी आलीया."

मानमोडी हा शब्द ऐकून मी काउंटरबाहेर आलो. कोंबड्यांतला हा साथीचा रोग एकदा शिरला की शेडच्या शेड रिकामी करतो. मी सांगू लागलो की याच्यावर औषध नाही, लस असते, ती आधी द्यावी लागते. त्या म्हणाल्या, "लस तर दिलीया की!" मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या छावणीवर होते. म्हणाले, उद्या पोचतो, तोवर आजारी कोंबड्या वेगळ्या ठेवा. पण रुक्मिणबाई म्हणाल्या की शेजारच्या गावांनी दम भरलाय, आमच्या कोंबड्यांना लागण झाली तर बघून घेऊ. गावानं खड्डा खणायला सुरुवात केलीय. सांजच्याला सगळ्या पुरायच्या, मेलेल्या बी आणि जित्या बी.

स्टुलावरून दाजींनी विचारलं, "मान वाकडी झालीय का ढिली पडलीय?"

"आता मान म्हंजी मान. पडलीया खाली."

"तसं न्हाई बाई. पिळवटून मागं वळलीय का? का ओल्या फडक्यासारखी लोंबतीय?"

रुक्मिणबाईंनी डोळे मिटून आठवलं. "लोंबती. दोर तुटावा तशी."

"घोट गिळतात का?"

"न्हाई. चोचीत पाणी घातलं तर तसंच बाहीर येतं."

दाजी उठले तेव्हा स्टूल पडलं. "चल," ते मला म्हणाले, "दुकान बंद कर. चल, चल!" त्यांचे डोळे असे चमकत होते की मला त्यांची थोडी लाजच वाटली. बाईचं घर बुडायला आलंय आणि हा माणूस उत्सवाला निघाल्यासारखा.

बोरवाडीत शेडपुढं खड्डा कमरेइतका झाला होता. बायका भिंतीच्या सावलीत बसलेल्या. आत पत्र्याच्या उकाड्यात कोंबड्या जागोजाग पसरल्या होत्या. पाय मागं फेकलेले, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, माना भुईवर अंथरलेल्या. दाजी सरळ जमिनीवर बसले. एक कोंबडी मांडीवर घेऊन त्यांनी चोच उघडली आणि करंगळीनं जीभ हलकेच दाबली. धडधाकट कोंबडीची जीभ बोट लागताच झटक्यानं मागं ओढली जाते. हिची हललीच नाही. त्यांनी पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब जिभेवर तसाच थांबला. दाजींनी दुसरी कोंबडी घेतली, तिसरी घेतली. मग उभे राहून ओरडले, "मानमोडी न्हाई! खड्डा थांबवा! हे विष आहे! हिला गिळायचंय, पण हिला गिळता येत न्हाई! मेंदू हुकूम सोडतोय आणि तो स्नायूपर्यंत पोचत न्हाई! मज्जातंतूच्या टोकालाच विष बसलंय!"

कुदळ घेतलेला एक जण म्हणाला, "सर, तुमचं खरं असलं तर बरंच हाय. पर नसलं तर आमी काय करायचं?"

दाजी पुन्हा खाली वाकून कोंबडीची जीभ चाचपू लागले. रुक्मिणबाई मात्र डोळे बारीक करून विचार करत होत्या. मग बायकांकडं वळून म्हणाल्या, "आगं, म्हंजी लाईट हाय, तार बी धड हाय, पर मोटारीचा फ्यूज कुनी तरी काडून ठिवलाय. असंच ना, सर?"

"असंच! अगदी असंच!" दाजी आनंदानं उडाले. "बाई, तुम्ही माझ्या वर्गात कावून नव्हत्या?"

"तवा मी फडात व्हते," रुक्मिणबाई म्हणाल्या आणि कुदळवाल्याला सांगितलं, "उद्या डॉक्टर येईस्तवर खड्डा तसाच राहू द्या. कोंबड्या माज्या जिम्म्यावर."

आता विष आलं कुठून? दुष्काळात खाद्य पुरत नव्हतं, म्हणून बायका कोंबड्यांना सकाळी मोकळं सोडत होत्या. त्या कुठवर चरतात, कुणालाच नीट माहीत नव्हतं. दाजींनी एक तुकतुकीत तांबडी कोंबडी निवडली, शेडबाहेर सोडली आणि तिच्या मागं निघाले. त्यांच्या मागं मी, माझ्या मागं रुक्मिणबाई आणि मग अर्धं गाव. कोंबडी थांबली की सगळे थांबायचे. ती डौलात चालत, वाटेतला कचरा चिवडत आटलेल्या गावतळ्यात उतरली. तळाशी चिखलाची एक खाच उरली होती आणि तिच्यात एक वासरू मरून पडलेलं. पाण्यापायी आलं असणार आणि रुतलं असणार. वास असा की आम्ही नाकाला हात लावले. वासरावर किडे वळवळत होते. कोंबडीनं चोच मारली, एक गुबगुबीत किडा उचलला, आणि दाजींनी आयुष्यात कधी काढला नसेल असा आवाज काढला.

"गिळू नको! ए, गिळू नको!"

ते चिखलात उतरले. कोंबडी पळाली, दाजी मागं. चप्पल रुतली, धोतर नेसत नव्हते म्हणून बरं, विजार गुडघ्यापर्यंत भरली. कोंबडी डावीकडं वळली की ते उजवीकडं घसरायचे. ज्या माणसानं जन्मभर पक्ष्यांच्या गिळण्याचं कौतुक केलं, तो हात जोडून कोंबडीला विनवत होता, "टाक बाई, टाक तो! एकदा मागं गेलं की तुझ्या हातात न्हाई!" काठावर गाव हसून लोळत होतं. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. शेवटी रुक्मिणबाईंनी पदर टाकून कोंबडी धरली आणि दाजींनी तिच्या चोचीतून अर्धा किडा ओढून काढला. तो चिमटीत धरून, चिखलानं माखलेले, धापा टाकत ते काठावर आले आणि म्हणाले, "हा बघा. मेलेल्या जनावरातलं विष याच्या पोटात साठतं. याला काही होत न्हाई. जी खाते तिची मान पडते." खड्डा तयारच होता. माणसांनी वासरू ओढून नेऊन त्यात पुरलं. कोंबड्या शेडमध्ये कोंडल्या.

पण आडव्या पडलेल्यांचं काय? विष उतरायला वेळ लागणार, आणि तोवर त्या उपाशी-तहानलेल्या मरणार, कारण गिळणंच बंद. दाजी म्हणाले, "त्यांच्यासाठी आपण गिळायचं. नळीनं पाणी थेट पिशवीत सोडायचं." मी जीप घेऊन दुकानात गेलो, बारीक रबरी नळ्या आणि सिरिंज घेऊन आलो. सोबत अक्काही आली. तिनं तिथंच चूल मांडून गूळ-मिठाचं पाणी केलं. सगळ्या बायका गोळा झाल्या. दाजींनी एक कोंबडी मांडीवर घेतली, चोच उघडली. तोवर त्यांनी मेलेले गळे उघडले होते आणि जिवंत गळे लांबून बघितले होते. जिवंत घसा हातात घेऊन त्याचं बरंवाईट करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी नळी घातली, सिरिंज दाबली. कोंबडीच्या छातीतून घरघर झाली, नाकपुडीतून पाणी आलं, आणि ती त्यांच्या मांडीवरच गेली. पाणी श्वासनळीत गेलं होतं. ते दार, जे चिमटीसारखं मिटतं म्हणून ते शब्बीरभाईंना सांगायचे, तेसुद्धा ढिलं पडलेलं होतं.

दाजींनी कोंबडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी बघितला नव्हता, पुढंही नाही. "मला हे माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "मला हे माहीत असायला पायजे होतं." ते उठायला लागले. रुक्मिणबाईंनी दुसरी कोंबडी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"पुन्ना करा, सर. बसा."

"बाई, हीसुद्धा गेली तर?"

"तशी बी जाणारच हाय की. बसा."

अक्का त्यांच्याशेजारी टेकली. तिनं कोंबडीची मान सरळ धरली, चोच उघडी ठेवली. दाजींनी या वेळी जीभ बोटानं पुढं ओढली, ते भोक डोळ्यांनी नीट बघितलं, आणि नळी त्याला चुकवून घशाच्या कडेकडेनं, कोंबडीच्या उजव्या अंगानं खाली सरकवली. गळ्याखालच्या पिशवीवर अक्कानं बोट ठेवलं. "आली. लागतीया हाताला." सिरिंज दाबली. पिशवी टम्म फुगली. कोंबडीनं डोळा किलकिला केला. बायकांनी एकदम श्वास सोडला.

त्यानंतर शेडचा दवाखाना झाला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी कोंबड्या तपासल्या, तळं बघितलं, नमुने घेतले आणि म्हणाले, "सर, मलाही तसंच दिसतंय. चालू ठेवा." प्रयोगशाळेचा निर्वाळा नंतर आला आणि तोही तसाच होता. दरम्यान बायका पाळ्या लावून नळ्या घालत होत्या. अक्का घरी यायलाच तयार नव्हती. शब्बीरभाई एका सकाळी मोटरसायकलवर कण्यांचं पोतं घेऊन हजर झाले. "माझं दुकान यांच्याच जिवावर हाय सर. हितं नाई यायचं तर कुठं जायचं?" म्हणाले, आणि बाह्या सारून कोंबड्यांच्या माना धरायला बसले. बऱ्याच कोंबड्या गेल्या. गेलेली प्रत्येक कोंबडी दाजी स्वतः नेऊन पुरायचे आणि परत येऊन पुढची मांडीवर घ्यायचे.

आणि मग एका सकाळी दाजी शेडबाहेर टँकरच्या पाण्यानं तोंड धूत असताना आतून अक्काची किंकाळी आली. "अहो! अहो, गिळलं! हिनं गिळलं!" दाजी तोंडाला फेस तसाच घेऊन धावले. एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी अक्काच्या मांडीवर होती. अक्कानं पुन्हा चोचीशी थेंब धरला. जीभ हलली. अगदी थोडी, पण हलली. थेंब मागं सरकला, गळ्याच्या कातडीखालून एक बारीकशी लाट खाली उतरत गेली, आणि मग त्या कोंबडीनं, थरथरत, सगळं बळ एकवटून मान वर केली. दाजी काहीतरी बोलायला गेले. आवाजच येईना. ते नुसते आवंढे गिळत उभे. रुक्मिणबाई म्हणाल्या, "सरांचा फ्यूज ग्येला!" आणि सगळी शेड हसता हसता रडायला लागली. दाजींनी मला मिठी मारली, शब्बीरभाईंना मारली, कुदळवाल्याला मारली, आणि त्याच दिवशी बोरवाडीच्या भर चावडीवर ते बगळ्यासारखे एका पायावर नाचले, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

संस्था तगली. त्या दिवाळीनंतरही बायका कोयत्यावर गेल्या नाहीत, आणि त्यानंतरची काही वर्षंही नाही. पुढं मोठ्या शेडवाल्यांच्या अंड्यांशी पुरवेना, पोरी लग्न होऊन गेल्या, रुक्मिणबाई थकल्या, आणि संस्था हळूहळू बंद पडली. दाजी निवृत्त झाले. मग काचबिंदूनं त्यांची नजर नेली. आधी कडेकडेनं गेली, मग मधली. तक्रार त्यांनी कधी केली नाही. पण स्टुलावर बसून ते लोकांना तोंड उघडायला सांगेनासे झाले, आणि गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, सरांना बरं नाही का?

गेल्या हिवाळ्यात अक्का म्हणाली, "घेऊन जा त्यांना कुठं तरी. भिंतीकडं तोंड करून बसतात." धरण भरलं होतं. मी त्यांना गाडीत घालून मांजरा धरणाच्या काठावर नेलं आणि एका दगडावर बसवलं. पाण्यात थोड्या अंतरावर एक राखी बगळा उभा होता. मी सांगितलं तसे ते ताठ झाले. "काय करतोय? सांग." मी सांगू लागलो, उभा आहे, पाण्यात बघतोय. "ते न्हाई. मान सांग, मान!" मी मान सांगितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी पक्ष्याच्या गळ्याकडं खरोखर लक्ष देऊन बघत होतो. बगळ्यानं झडप घातली. मासा आडवा धरला. "आता उडवंल," दाजी म्हणाले. उडवला. "डोकं आत?" डोकं आत. मग त्या लांब मानेत एक फुगवटा दिसला आणि तो सावकाश खाली उतरू लागला, आणि मी तो कुठवर आला ते बोटाबोटानं सांगत गेलो. दाजींनी आपला हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता आणि माझ्या शब्दांबरोबर तो खाली सरकत होता.

"गेला?"

"गेला, दाजी."

त्याच वेळी बगळ्यानं एक कर्कश आवाज काढला आणि जड पंखांनी तो पाण्यावरून पलीकडच्या काठाकडं निघून गेला. समोर नुसतं पाणी उरलं. पंखांचा आवाज दाजींनी ऐकला की नाही, मला माहीत नाही. त्यांचा चेहरा पाण्याकडंच होता, हात गळ्यावर. मग म्हणाले, "दुसरा धरला का रे?"

"धरला," मी म्हणालो. "पहिल्यापेक्षा मोठा आहे."

"मग सावकाश सांग," दाजी म्हणाले. "घाई करू नको."